शेवटून दुसरी

सुष्मिताने दातांत धरलेली पिन काढली आणि गोमतीच्या पाठीवरचा कापडी चौकोन ताणून धरला.

"अत्तै, हलू नका हं. टोचेल."

गोमती हलली नाही. भाचीची मैत्रीण म्हणून सुष्मिताही तिला तमिळमध्ये आत्याच म्हणे. साडीवरून चढवलेला गुलाबी टी-शर्ट तिला खांद्यांत सैल होत होता आणि पोटावर घट्ट. चौकोनावर छापलं होतं, 'मी हिच्यासाठी चालते', आणि खाली नावापुरती जागा सोडली होती. त्या जागेत तिने मघाशी टेबलावर वाकून, तमिळ अक्षरांत, एकच नाव लिहिलं होतं.

"भारती मामी," सुष्मिताने वाचलं. मग जरा थांबून, शेवटची पिन लावता लावता म्हणाली, "नित्या आलीये. काल संध्याकाळच्या गाडीने. आमच्याकडेच उतरलीये."

"ठाऊक आहे," गोमती म्हणाली.

उतरली कुठे हे तिला ठाऊक नव्हतं. येणार हे मात्र ठाऊक होतं. महिला मंडळाने ग्रुपवर नावांची यादी टाकली होती आणि दहा किलोमीटर धावणाऱ्यांत सतरावं नाव भाचीचं होतं, नित्या व्यंकटरमण, चेन्नई. ते वाचल्यावर गोमतीने पाच किलोमीटर चालणाऱ्यांत स्वतःचं नाव घातलं आणि घरी माडीवरची खोली झाडून काढली, पलंगावर धुतलेली चादर घातली. काल संध्याकाळी सातपर्यंत तिने पुढचं दार लोटूनच ठेवलं होतं.

कुंभकोणमातल्या त्या शाळेचं मैदान बायकांनी भरून गेलं होतं. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना घरी जाऊन सांभाळणारं एक केंद्र मंडळातल्या बायका चालवत. त्याच्या मदतीसाठी पुरट्टासी, म्हणजे भाद्रपद-आश्विनातल्या या रविवारी सकाळी सहाला शर्यत ठेवली होती. कॉलेजातल्या मुली होत्या, बँकेतल्या बायका होत्या, आसपासच्या गावांतून व्हॅन करून आलेल्या होत्या. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी घसा फोडून सूचना देत होतं आणि कोणी ऐकत नव्हतं.

धावणाऱ्या दोरीपाशी उभ्या होत्या. नित्याने केस खांद्यापर्यंत कापले होते. तिने मान वळवली, तिची नजर गर्दीवरून फिरत फिरत गोमतीपाशी आली, थांबली, आणि खाली बुटाच्या नाडीकडे गेली. नाडी बांधलेलीच होती. तरी तिने वाकून ती सोडली आणि पुन्हा बांधली.

शिटी वाजली. धावणाऱ्या गेल्या. पाच मिनिटांनी चालणाऱ्यांना सोडलं.

गोमतीने चाळीस वर्षं या गावातल्या रस्त्यांवरून ये-जा केली होती, पण मधोमध अशी कधी चालली नव्हती. पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. इडलीच्या दुकानातली माणसं हातात द्रोण धरून बाहेर येऊन बघत होती. पहिल्या वळणापर्यंत ती घोळक्यात होती. नागेश्वराच्या देवळापाशी घोळका तिच्या पुढे गेला, आणि पुढच्या चौकात तर नुसत्या गुलाबी पाठी दिसत राहिल्या. गुडघा दुखत होता. तिने घाई केली नाही. मागे राहायची तिला सवय झाली होती.

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यातली तिची पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली. सुरुवातीला ट्रंक कॉल जोडायचे, यंत्रं आल्यावर तक्रारींच्या टेबलावर बसायचं. लग्न राहून गेलं. मेलकावेरी पेठेतल्या घरात धाकटा भाऊ व्यंकटरमण, त्याची बायको भारती आणि त्यांची नित्या, यांच्यातच तिचं आयुष्य मुरलं. एक्स्चेंजमधला पहिला धडा होता, कानावर पडलेलं कानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. कोणाचा बाप गेला, कोणाची सोयरीक फिसकटली, सगळं तिच्या कानांतून गेलं आणि तिथेच राहिलं. त्याबद्दल साहेबांनी तिला एकदा सर्वांसमोर शाबासकीही दिली होती.

मग दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात भारतीने तिला छातीतल्या गाठीचं सांगितलं, आणि कोणाला सांगू नका म्हणून विनवलं. गोमतीने कोणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, गाठ केव्हापासून आहे? भारती पदर सारखा करत राहिली. खोलीत व्यंकटरमण होता, नित्या होती. गोमतीच्या तोंडून निघून गेलं, "नवरात्रापासून." व्यंकटरमणाने वळून तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याने नंतर कधी मागे घेतली नाही. त्यानंतर पाच महिन्यांत भारती गेली. तेराव्याची पानं उचलता उचलता नित्या म्हणाली, "तुला ठाऊक होतें, आत्या. तूं तोंड उघडिलें असतेंस तर आई आज इथें असती." ती घरच्या तंजावरी मराठीत गोमतीशी बोललेली शेवटची वाक्यं. पुढच्या महिन्यात ती वडलांना घेऊन चेन्नईला गेली. आता व्यंकटरमणाचा फोन येई तो पाण्याची मोटर चालते ना, एवढं विचारायला. चौदा महिने. घरची भाषा गोमती आता बहुतेक मनातच बोले. दूधवाल्याशी तमिळ, शेजारणीशी तमिळ, देवाशी काय बोलायचं ते तिला हल्ली सुचत नसे.

"भारती कोण?"

आवाज मागून आला. आपल्या मागे कोणी असेल असं गोमतीला वाटलं नव्हतं. तिने वळून पाहिलं. पंचेचाळिशीची, हिरव्या साडीवर तोच टी-शर्ट घातलेली बाई अनवाणी चालत होती. वहाणा उजव्या हातात.

"माझी भावजय," गोमती म्हणाली. "तुम्ही दमलात का?"

"चालायची सवय नाही. दिवसभर बसून काम." ती तिरुभुवनमची. नाव वाणी. नवरा रेशमी साड्या विणतो, ती सूत उकलून कांड्या भरून देते. विणकर सोसायटीच्या बायकांनी व्हॅन केली, तिलाही ओढून आणलं, आणि आता सगळ्या पुढे निघून गेल्या.

वाणीच्या पाठीवरचा चौकोन कोराच होता.

"कोणाचं नाव नाही घातलंत?"

"कोणाचं घालू?" वाणी हसली. "आमच्यात कोणाला झालं नाही."

दोघी बरोबरीने चालू लागल्या. महामहम् तळ्याच्या कडेला पाण्याचं टेबल होतं. तिथल्या मुलीने दोन पेले पुढे केले. वाणीने हातातल्या वहाणा खाली ठेवल्या आणि मग त्याच हाताने पेला घेतला. डावा हात अंगाशी धरलेला होता, तो तसाच राहिला. गोमतीने ते पाहिलं आणि नजर तळ्याकडे वळवली.

पाणी पिऊन दोघी पायरीवर जरा टेकल्या.

"तुमच्या भावजयीला दुखायचं का?" वाणीने विचारलं.

"सुरुवातीला नाही."

"हाताला लागायची?"

"लागायची."

"सरकायची का, दाबल्यावर? की तिथेच घट्ट?"

गोमतीने पेला पायरीवर ठेवला. वाणीने आणखी विचारलं, "आणि दवाखान्यात गेलं की लगेच कापतात म्हणे. विचारतसुद्धा नाहीत. खरं का?"

पस्तीस वर्षं गोमतीने माणसांचे चेहरे न बघता नुसते आवाज ऐकले होते. स्वतःचं दुखणं दुसऱ्याचं म्हणून विचारताना माणूस आवाज मुद्दाम हलका ठेवतो. रोजच्या बोलण्यापेक्षा थोडासाच हलका.

"तुला केव्हापासून आहे?" तिने विचारलं. अहो-जाहो आपोआप सुटून गेलं होतं.

वाणीने पेल्यातलं उरलेलं पाणी पायरीवर ओतलं. पाणी खाली ओघळत गेलं ते ती बघत राहिली.

"आडी महिन्यापासून," ती म्हणाली. "तीन महिने होतील."

"घरी?"

"नाही सांगितलं. दीपावलीच्या साड्या मागावर आहेत. मी बसले तर त्यांचा माग बसतो. एवढी दीपावली होऊ दे, मग बघू." एकदम तिने गोमतीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही अनोळखी म्हणून बोलले, अम्मा. कोणाला सांगू नका. आमच्या बायका तिथे असतील, त्यांना तर मुळीच नको. वचन द्या."

तिने तळहात पुढे केला. सूत ओढून ओढून तर्जनीवर बारीक चर पडला होता.

गोमतीने त्या हाताकडे पाहिलं. स्वतःचा हात तिने पदराखाली घेतला.

"नाही देत," ती म्हणाली.

काय ऐकलं ते कळायला वाणीला एक क्षण लागला.

"मैदानावर तपासणीचा तंबू आहे. डॉक्टरीणबाई बसल्या आहेत. माझ्याबरोबर चल. बाई आहेत, फक्त हाताने बघतील."

"चुकलं माझं," वाणी उठत म्हणाली. "तोंड उघडलं हेच चुकलं." तिने वहाणा उचलल्या आणि निघाली. आधी भरभर चालत, मग वळून मागे पाहिलं, गोमतीही उठली आहे हे दिसलं, आणि ती पळायला लागली.

गोमतीने निऱ्या मुठीत धरल्या आणि तीही पळाली.

आपण शेवटचं कधी धावलो ते तिला आठवेना. गुडघ्यात कळ आली, ती वर मांडीत चढली. पुढे हिरवी साडी, तिच्यावर गुलाबी पाठ, पाठीवर कोरा चौकोन. वळणावर उभ्या असलेल्या दोन मुलींना वाटलं, शेवटच्या दोघींना जोर चढला. त्या टाळ्या वाजवायला लागल्या. "ओडुंगो! ओडुंगो!" चहाच्या टपरीवरचे म्हातारेही हसत हसत ओरडले, पळा, पळा. कोणीतरी फोन उंच धरून चित्रीकरण केलं. गोमतीच्या छातीत भाता चालावा तसा श्वास चालू होता आणि डोळ्यांत घाम उतरला होता, त्यामुळे तिला फक्त तो चौकोन दिसत होता.

शाळेच्या फाटकातून आत आल्यावर शर्यत संपण्याची हवा भरलेली कमान वीस पावलांवर उभी होती. वाणी कमानीकडे गेलीच नाही. ती बाजूला, व्हॅन लागल्या होत्या तिकडे वळली. तिथेच गोमतीने तिचं उजवं मनगट धरलं.

"सोडा."

"नाही."

"लोक बघताहेत, अम्मा."

"बघू देत." गोमतीला धड बोलता येत नव्हतं. तिने वळून तिला पाठ दाखवली, मनगट न सोडता. "हे नाव वाच. तिनेही मला हेच म्हटलं होतं. कोणाला सांगू नका. मी नाही सांगितलं. कोणाला म्हणजे कोणालाच नाही."

वाणी थांबली. तिचा श्वासही वर-खाली होत होता.

"आत्या!"

हाक कमानीच्या बाजूने आली. गोमतीने न बघताच ओळखली. चौदा महिने रोज फोनचा स्क्रीन लागला-विझला, फाटकाची कडी वाजली, की तिचा जीव ज्या हाकेसाठी वर येई, ती हीच. बोटांत धरलेल्या मनगटाची नाडी धडधडत होती. आत्ता वळलं, दोन पावलं तिकडे टाकली, तर ही बाई व्हॅनमध्ये जाऊन बसेल आणि दीपावलीपर्यंत तिरुभुवनमच्या घरात कांड्या भरत राहील.

गोमती वळली नाही. वाणीला धरून ती तंबूत शिरली.

तंबूत पुढे अकरा जणी होत्या. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या. गोमतीने मनगट सोडलं ते वाणी पडद्याआड गेल्यावरच. डॉक्टरीणबाई पोक्त होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. गाठ आहे, त्या म्हणाल्या. कसली आहे ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. मंगळवारी तंजावरला या, चिठ्ठी देते. एकट्या येऊ नका.

"मंगळवारी सात वाजता बसस्टँडवर असेन मी," गोमती म्हणाली. "पापनाशम्‌वरून जाणाऱ्या गाड्या लागतात, तिथे."

वाणीने होय म्हटलं नाही. "तुमच्यामुळे," एवढंच ती म्हणाली आणि पुढचं गिळून टाकलं. पण चिठ्ठी तिने टाकली नाही. बारीक घडी घालून पोलक्यात ठेवली आणि मान खाली घालून आपल्या बायकांकडे गेली.

गोमती तंबूबाहेर आली तेव्हा मैदानात ऊन पसरलं होतं. कमानीतली हवा काढली होती आणि दोन माणसं ती गुंडाळत होती. खुर्च्या एकीत एक घालून उभ्या केल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्याच्या पायरीवर नित्या बसली होती. बूट काढून बाजूला ठेवलेले, मोजे त्यांत कोंबलेले.

गोमती तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.

"कोण ती?" नित्याने विचारलं. तमिळमध्ये विचारलं. घराबाहेरच्या माणसाला विचारावं तसं.

"तिरुभुवनमची आहे. वाणी म्हणून." गोमती घरच्या बोलीतच बोलली. तिला नित्याशी दुसरं काही बोलता येत नव्हतं.

"आधीची ओळख?"

"नाही. आतांच, चालतां चालतां झाली."

"सुष्मिता तंबूत नावं लिहून घेत होती, ती सांगत होती. तिला गाठ आहे, आणि तू तिला ओढत तंबूत नेलंस."

"होय."

नित्याने पायाच्या अंगठ्याला लागलेली माती बोटाने काढली. "अनोळखी बाईसाठी केलंस," ती म्हणाली.

समोर माणसांनी कमान गुंडाळून दोरीने आवळली आणि खांद्यावर घेतली. दोघी ती नेताना बघत राहिल्या. नित्याचा श्वास एकदा आत गेला, बोलायचं म्हणून, आणि तसाच परत आला. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"आत्या, एक विचारते. खरं सांग." तिने गोमतीकडे पाहिलं नाही. "आई माझ्या लग्नासाठी थांबली का?"

नवरात्रातली ती दुपार. बाहुल्यांच्या कोलूच्या पायऱ्या मांडून झालेल्या, बाहुल्या फडक्यांतून सोडवलेल्या. सर्वांत वरच्या पायरीवर बाहुली ठेवताना भारतीचा हात मध्येच अडला. ती खाली बसली, पोलक्याचं बटण काढून गोमतीचा हात तिने स्वतः धरून तिथे नेला. मग म्हणाली, "वन्सं, कोणास सांगूं नका. तीं माणसें भितील, लग्न मोडतील. तै महिन्यांत नित्याचें लग्न होऊं दे. दुसऱ्या दिवशीं मीच सांगतें." आणि लग्नात ती हिरव्या कांचीपुरम्‌मध्ये सगळ्यांच्या पुढे होती. नित्याच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं तेव्हा तिने गोमतीकडे बघून डोळे मिटले होते.

नित्या वाट बघत होती. तिच्या दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरली होती, बोटांची पेरं पांढरी झाली होती. गोमतीच्या तेव्हा लक्षात आलं की ही मुलगी चेन्नईहून शर्यतीसाठी आलेली नाही. हा एक प्रश्न विचारायला आली आहे, आणि तो विचारायचं धैर्य होईना म्हणून काल घरी आली नाही.

"नाही," गोमती म्हणाली.

"नाही?"

"लग्नाचें नांवही तिनें काढिलें नाही. ती भ्याली होती. कापतील म्हणून भ्याली. मीं तिला धरून न्यावयाचें, तर मीही भ्यालें. इतकेंच."

"खरंच?"

"खरेंच."

नित्याचे खांदे खाली आले. किती दिवस ते वर उचललेले होते कोण जाणे. तिने तळहातांनी चेहरा झाकला. गोमतीचा हात उठला, पण तो कुठे ठेवावा हे न कळून तिने तो परत मांडीवर घेतला.

नित्याने चेहऱ्यावरून हात काढले तेव्हा चेहरा कोरडा होता.

"म्हणजे तू सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"होय. मींच सांगावयास पाहिजे होतें."

फाटकात ऑटो येऊन थांबला. आतून सुष्मिताने हात केला. गाडीची वेळ झाली होती. नित्याने मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या. उठून चार पावलं गेल्यावर ती थांबली.

"मंगळवारी जाणार आहेस तिच्याबरोबर?"

"जाईन. ती आली तर."

"नाही आली तर?"

"तर तिरुभुवनमला जाऊन हांक मारीन."

नित्याने मान हलवली. तिला काय वाटलं ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मग ती म्हणाली, "वरेन्."

वरेन् म्हणजे येते. कुंभकोणमात भाजीवालीकडून निघतानाही माणूस एवढंच म्हणतो आणि पुढे महिनाभर त्या बाजूला फिरकत नाही. पण लहानपणी शाळेत निघताना, बसमध्ये चढताना, सासरी जाताना, नित्याने घरी नेहमी 'येतें' म्हटलं होतं. निरोपाचा तमिळ शब्द तिने गोमतीला आज पहिल्यांदा दिला होता. तो भाजीवालीला देतात त्यातला होता की दुसरा, हे गोमतीला आवाजावरूनही ओळखता येईना.

ऑटो सुरू झाला, वळला.

"ये," गोमती म्हणाली.